फी नसलेले दोन महिने

आमच्या घरात वर्षातले दोन महिने मोहरी तडतडत नसे. एरवी आईचा स्वयंपाक चारचौघींसारखाच असायचा. सकाळी नऊच्या सुमाराला हिंग-मोहरीचा वास जिन्यावरून खाली दवाखान्यात उतरायचा आणि बाकावर बसलेल्या पेशंटना आपण उपाशीच घराबाहेर पडलो आहोत याची आठवण करून द्यायचा. पण फेब्रुवारी लागला की दवाखान्यामागच्या खोलीतल्या चारही खाटा भरायच्या. मोतीबिंदू काढलेल्या माणसाला तेव्हा कितीतरी दिवस उताणं निजवून ठेवत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून. खोकला किंवा शिंक आली तर टाके तुटायची भीती असे. त्यामुळे वर आमच्या स्वयंपाकघरात मिरची, मोहरी, लाल तिखट सगळ्यालाच बंदी. मुगाचं सपक वरण, दुधात शिजवलेला दुधी, तूपभात आणि गुळाशी पोळी. होळीच्या दिवशीसुद्धा पुरणपोळीबरोबरची कटाची आमटी आई फोडणीशिवाय करायची, आणि ती आमटी आहे असं आम्ही एकमेकांना समजावायचो. आई वाढताना म्हणायची, "ह्यांच्या समाजवादाला फोडणी चालत नाही. जेवा."

'हे' म्हणजे आमचे अण्णा. डोळ्यांचे डॉक्टर. डेक्कनच्या मागच्या गल्लीत आमचं दुमजली घर होतं, खाली दवाखाना आणि वर आम्ही. अण्णांच्या हाताला यश होतं. पार नगर-साताऱ्याकडून माणसं यायची आणि सबंध सकाळ बाकावर बसून राहायची. म्हणजे पैसाही भरपूर यायला हवा होता, आणि तसा तो यायचाही, पण राहायचा नाही. त्या काळी एका मर्यादेपलीकडे तुम्ही मिळवलंत की वरच्या प्रत्येक रुपयातलं जवळजवळ सगळं सरकार कर म्हणून घेई. हे मी आज सांगते तेव्हा कुणाला खरं वाटत नाही. आता मी वाघोलीला मुलाकडे असते, चौदाव्या मजल्यावर. नातू ओम आयटीत आहे. मागच्या आठवड्यात जेवताना टीव्हीवर कुणा उद्योगपतीच्या पगारावरून वाद चालला होता. मी म्हटलं, आमच्या वेळी सरकार असल्या पगारातले चार पैसेच हातावर ठेवायचं. ओमने घास थांबवला. "आजी, धिस इज सिंपली लूट. माणूस हार्ड वर्क करून कमावतो. इनफ किती, ते गव्हर्नमेंट कोण ठरवणार?" मी म्हटलं, "माझ्या बापाला विचारायला हवं होतंस." आणि मग वाटलं, हे लिहूनच ठेवावं. तोंडी सांगायला गेलं की ओमचा फोन वाजतो.

तर अण्णांची ती मर्यादा साधारण संक्रांतीच्या आसपास गाठली जाई. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपायचं, म्हणजे मधले दोन-अडीच महिने जे मिळेल ते सरकारचंच. अशा वेळी शहाण्या माणसांनी काय करावं हे पुण्यातल्या सगळ्या शहाण्या माणसांना ठाऊक होतं. माझा मामा त्यातलाच एक. त्याचा हडपसरला नटबोल्टचा लहानसा कारखाना होता. दर संक्रांतीला तो तिळगूळ द्यायला यायचा, आईच्या गुळाच्या पोळ्या तुपात बुडवून खायचा आणि तृप्त झाला की अण्णांना शिकवायला बसायचा.

"डॉक्टर, सोपं आहे हो. निम्मी फी पावतीवर घ्या आणि निम्मी रुमालात. सगळी गल्ली तेच करते."

"तुम्हीही?" अण्णा विचारायचे.

"मी माणूस नाही का?"

"मला ते जमणार नाही. मी ज्यांचे डोळे उघडतो त्यांच्याच समोर रुमाल पसरायचा, हे बरं दिसत नाही."

अण्णा हे अगदी शांतपणे म्हणायचे. त्यांनी स्वतःपुरता वेगळाच मार्ग काढला होता. मर्यादा गाठली की ते फी घेणंच बंद करायचे. पहिल्या वर्षी म्हणे त्यांनी सरळ दवाखान्याला कुलूप लावलं होतं. पण लोकांनी वर घराची कडी वाजवायला सुरुवात केली, तेव्हा कुलूप काढलं आणि दारावर पाटी लावली, 'फेब्रुवारी व मार्च : फक्त सकाळी. फी नाही.' शस्त्रक्रियेचीही नाही. पेशंटने औषधं तेवढी आणायची. उरलेले दहा महिने मात्र फी सगळ्यांना सारखी. शेजारी, नातेवाईक, मामासुद्धा. ओळखीच्या माणसाला फुकट बघायला लागलं की पुण्यात अनोळखी कुणी उरत नाही, असं ते म्हणायचे. एखादा अगदीच गरीब आला आणि घाई नसली, तर त्याला फेब्रुवारीत यायला सांगायचे.

अण्णांना हा कराचा कायदा जाचक वाटत नसे, मनापासून पटत असे. ते विद्यार्थी असताना पुण्यात वार लावून जेवले होते. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असं सात घरी. ती सातही घरं बेताचीच होती, आणि त्यांतल्या एकाही घराने कधी भात हात राखून वाढला नाही, असं ते सांगायचे. "माणसाला लागतं किती, हे मी सात स्वयंपाकघरांत बघितलंय," ते म्हणायचे. "त्यापेक्षा फार जास्त कुणी ठेवून घेऊ नये. आणि माणूस आपण होऊन थांबत नाही, म्हणून सरकारने हद्द घालावी." मामा उसळायचा. सरकार कोण लागून गेलं, आज मिळकतीला हद्द घालेल, उद्या ताटातल्या पोळ्या मोजेल. अण्णा त्याच्या ताटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "तुमच्या बाबतीत मोजायला हरकत नाही."

पण अण्णांना खरी टक्कर द्यायची ती आई. मामाला हसण्यावारी नेता येत असे, आईला नाही. ती भांडी आवरता आवरता, त्यांच्याकडे न बघता एखादा प्रश्न टाकायची. एका संक्रांतीला मामा गेल्यावर तिने विचारलं, "कायदा नसता तर तुम्ही फेब्रुवारीत फी घेतली असती का हो?"

अण्णांनी थोडा विचार केला. ते खोटं बोलत नसत. "घेतली असती," ते म्हणाले.

"मग हा चांगुलपणा सरकारचा की तुमचा?"

"कुणाचा का असेना. डोळे तर बरे होतात ना?"

आई ताटं घेऊन मोरीकडे गेली. मला त्या वेळी अण्णांचं उत्तर फार आवडलं होतं, कारण मला अण्णांचं सगळंच आवडायचं. मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते आणि माझ्या मते जगातला एकमेव विचारी माणूस आमच्या घरी राहत होता.

शिवाय मला ते दोन महिने हवे असायचे. बाकीच्या वर्षात अण्णा मला दिसायचे ते पाठमोरे, दिव्यावर वाकलेले. रात्रीचं जेवणसुद्धा ते मिटल्या डोळ्यांनी जेवायचे. पण फेब्रुवारीत एकदा सकाळ संपली की अण्णा आमचे. दुपारी ते मला घेऊन वेताळ टेकडीवर जायचे, पळस कुठे फुललाय ते बघायला. परत येताना कालव्याच्या कडेने चालत यायचो. ते मला पक्ष्यांची नावं सांगायचे, आणि बरीचशी चुकीची सांगायचे हे मला पुढे कळलं. त्यांना गप्पा मारता येतात, ते शीळ वाजवतात, त्यांना सुपारीएवढ्या कैऱ्या मिठाबरोबर खायला आवडतात, हे सगळं मला त्या दोन महिन्यांमुळे माहीत आहे. सरकारने दिलेला बाप, असं आई चिडवायची. सकाळी मी कॉलेजला जायच्या आधी दवाखान्यात बसून एकेकाला नावाने आत सोडायचे. त्या हंगामात हे काम सोपं नव्हतं. कारण आमच्या पाटीचा बोभाटा झाला होता आणि पुणेकरांनी तिच्याप्रमाणे आपापले डोळे लावून घेतले होते. मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचा अशी तेव्हाची पद्धत होती. डॉक्टरच सांगत, थांबा, पिकू दे. आता पिकायला थांबायचंच आहे तर फेब्रुवारीपर्यंत थांबावं, हे कुणालाही सुचेल. त्यामुळे सदाशिव पेठेतले यच्चयावत मोतीबिंदू फेब्रुवारीतच पिकायचे. बंगलेवाले यायचे, घड्याळाच्या दुकानाचे मालक यायचे. एक निवृत्त न्यायाधीश तर नोव्हेंबरमध्ये येऊन नंबर लावून गेले होते. त्यांना फी परवडत नव्हती असं नाही. पण फुकट मिळणारी गोष्ट विकत घेतली तर माणूस बावळट ठरतो, आणि पुण्यात बावळट ठरण्यापेक्षा आंधळं होणं बरं, असं मी गमतीने म्हणायचे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत म्हणायचे.

त्या दोन महिन्यांत संध्याकाळी दामलेकाका यायचे. ते खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि तिथेच जवळ दोन खोल्यांचं घर बांधून राहत होते. अण्णांचे शाळेपासूनचे मित्र. एरवी अण्णांना सवड नसायची, म्हणून वर्षभर गाठ पडायची नाही. पण फेब्रुवारीच्या पहिल्या संध्याकाळी दामलेकाका खडकीहून सायकल मारत यायचे, गच्चीवर बुद्धिबळाचा पट मांडायचे आणि मार्च संपेपर्यंत दोघं खेळायचे. दोघांचंही तोंड सारखं चालू असायचं. दामलेकाका कारखान्यात तोफेचे गोळे तपासायचे, त्यामुळे त्यांचा आवाज चढा होता आणि त्यांना कुठल्याच गोष्टीची घाई नसायची. निवृत्तिवेतनात नीट भागत होतं. मुलगी लग्न होऊन नागपूरला. काकू बोलायला कमी आणि बघायला जास्त.

त्या वर्षी दामलेकाका बसने आले, काकूंना बरोबर घेऊन. अण्णांनी विचारलं तर म्हणाले, सायकल विकली, आता वय झालं. खेळायला बसले आणि पहिल्याच डावात अण्णांनी त्यांचा कोपऱ्यातला हत्ती उचलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोपऱ्यातलाच उंट. अण्णा खूश. "दामले, तोफेच्या गोळ्यांत होतात तेच बरं होतं. शत्रूचं नशीब." दामलेकाका हसले, पण त्यांचा हात पटावरून जरा चाचपडल्यासारखा फिरत होता. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्या हाताकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांना उद्या दाखवायला आणते. मोतीबिंदू आहे."

"मोतीबिंदू आहे हे कुणी सांगितलं?"

"वयाला आणखी काय असणार?" दामलेकाका म्हणाले. "आता आलोय तर काढून टाका. रांगेत बसेन हो, वशिला नको."

दुसऱ्या दिवशी ते खरंच रांगेत बसले. बाकावर त्यांच्या एका बाजूला घड्याळवाले आणि दुसऱ्या बाजूला कुणी निवृत्त मुख्याध्यापक होते, आणि आपापला मोतीबिंदू किती पिकलाय यावर त्यांची चर्चा चालली होती. दामलेकाकांचा नंबर आला तेव्हा अण्णांनी मला दार लोटून आतच थांबायला सांगितलं, कारण काकूंना ऐकायला कमी येत असे आणि मी त्यांच्यापाशी उभी राहून सांगावं असं त्यांचं म्हणणं होतं. अण्णांनी बॅटरीने डोळा बघितला. मग यंत्रातून बघितला. मग त्यांनी डोळ्यात थेंब घालून दाब मोजला, आणि मला आठवतं, तो त्यांनी पुन्हा मोजला. नंतर त्यांनी खुर्ची ओढून दामलेकाकांच्या समोर घेतली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि म्हणाले, "एक डोळा झाका आणि माझ्या नाकाकडे बघा. मान हलवायची नाही. बोट दिसलं की सांगा." आणि आपला हात लांब बाजूला धरून बोट हळूहळू आत आणायला लागले. मला दारापासून ते बोट दिसत होतं. काकूंनाही दिसत होतं. बोट खांद्यापाशी आलं, कानापाशी आलं, दामलेकाका गप्प. गालापाशी आलं तरी गप्प. अगदी अण्णांच्या नाकाजवळ आल्यावर ते म्हणाले, "हं. आता दिसलं." दुसऱ्या डोळ्याला तर तेवढंही नाही.

अण्णांनी हात खाली घेतला. "हा मोतीबिंदू नाही, दामले. काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून मागची शीर वाळत जाते. कडेकडेनं दिसायचं बंद होतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही." मग म्हणाले, "गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते टिकवू." मी हे सगळं काकूंच्या कानाशी वाकून सांगितलं. कुणाला असं काही सांगायची माझी ती पहिलीच वेळ होती.

"कधीपासून त्रास होता?" अण्णांनी विचारलं.

"त्रास कुठला? दिवाळीत आकाशकंदिलाभोवती रंगीत कडी दिसायला लागली. इंद्रधनुष्यासारखी. मी हिला म्हटलंसुद्धा, बघ काय छान दिसतंय."

"दिवाळीत. मग दिवाळीतच का नाही आलात?"

दामलेकाकांनी अगदी सहज सांगितलं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काहीच वाटलं नाही. "म्हटलं, फेब्रुवारीत येतोच आहोत पट मांडायला, तेव्हाच दाखवू. दिवाळीत आलो असतो तर तुम्ही फी घेतली असतीत. मी ती तुम्हाला द्यायची आणि तुम्ही तिच्यातला वाटा सरकारला. मग आपण दोघं काय, हमालच की."

एरवी या वाक्यावर अण्णा मोठ्याने हसले असते. ते दामलेकाकांकडे बघत राहिले. तेवढ्यात काकू बोलल्या. त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून त्या नेहमी जरा मोठ्याने बोलायच्या, तशाच बोलल्या, त्यामुळे बाहेरच्या बाकावरही ते ऐकू गेलं असणार. "नोव्हेंबरात हे टांग्याला धडकले. बाजूने आलेला टांगा दिसला नाही. मी तेव्हा म्हटलं, चला डॉक्टरांकडे. हे म्हणाले, फेब्रुवारीत फुकट आहे. डॉक्टर, बारा महिने फी असती तर मी ह्यांना त्याच दिवशी घेऊन आले असते. माझा तुमच्यावर राग नाही. पण बोलल्याशिवाय राहवेना."

अण्णांनी थेंबांची बाटली आणायला सांगितली आणि कसे घालायचे ते काकूंना हाताने करून दाखवलं. मग बाहेर जाऊन बाकावरच्या माणसांना म्हणाले की आज बाकीच्यांना बघणार नाही. घड्याळवाले कुरकुरले, न्यायाधीश म्हणाले की त्यांचा नंबर नोव्हेंबरपासूनचा आहे. अण्णा त्यांना म्हणाले, "तुमचा डोळा थांबेल. तो थांबणाराच आहे." आणि वर निघून आले.

त्या दुपारी टेकडीवर जाणं झालं नाही. जेवायला मुगाचं वरण आणि भात होता. अण्णांनी पाण्याचा पेला तेवढा घेतला. आईला मी सगळं सांगितलं होतं. मला धास्ती होती की ती आता संक्रांतीचा प्रश्न उकरून काढणार, आणि मी मनातल्या मनात अण्णांची बाजू लढवायला बसले होते. पण आई त्यांच्या शेजारी पाट ओढून बसली. तिने त्यांच्यासाठी ताकभात कालवला, लहान मुलाला कालवतात तसा, आणि ताट पुढे सरकवलं.

अण्णा म्हणाले, "मी दोन दिवस त्याच्या समोर बसून त्याचे मोहरे उचलत होतो."

"हो."

"मी डोळ्यांचा डॉक्टर."

"हो," आई म्हणाली. "पण ते तिथे नव्हतं चुकलं. दिवाळीत तुम्ही त्यांच्यासमोर कुठे होतात?" मग अगदी हळू म्हणाली, "सरकारने तुमच्या मिळकतीला कुंपण घातलं. कामाला तुम्ही घातलंत. मला हे कधीचं म्हणायचं होतं, पण म्हणायला अशी वेळ यायला नको होती."

अण्णांनी ताकभात खाल्ला. मी पानावरून उठले, कारण मला रडू येत होतं आणि ते नेमकं कुणासाठी येत होतं हे कळत नव्हतं. दामलेकाकांसाठी तर होतंच. पण थोडं अण्णांसाठीही होतं. ज्या गोष्टीचा त्यांना सर्वांत जास्त अभिमान होता तिनेच त्यांना धडा शिकवला होता. वाईट वागून काही झालं असतं तर त्यांना पश्चात्ताप तरी करता आला असता. ते चांगले वागले होते, आणि त्या चांगुलपणाची वेळ ठरलेली होती, आणि लोक त्या वेळेची वाट बघत बसले होते.

संध्याकाळी त्यांनी पाटी काढली. मामाला हे कळलं तेव्हा तो विजयी मुद्रेने आला. त्याला वाटलं, अण्णांना अखेर शहाणपण सुचलं आणि आता रुमालाची सोय होणार. अण्णा म्हणाले, "फी बारा महिने. पावती बारा महिने. ज्याला जमत नाही त्याने तसं सांगावं, त्याला फी नाही, तीही बारा महिने." मामाच्या हे डोक्यात शिरेना. "म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये तुम्ही दिवसभर राबणार, आणि सगळं सरकारला नेऊन देणार?" अण्णा म्हणाले, "हो." मामा म्हणाला, "अहो, मग आता तरी कबूल करा की असली हद्द घालणं चूक आहे. तिच्यापायी एका माणसाचे डोळे गेले." अण्णा म्हणाले, "हद्द चूक नव्हती. हद्द आली की हात झाडून मोकळं व्हायचं, ही माझी समजूत चूक होती." मामा म्हणाला की हा निव्वळ हट्ट आहे. आणि थोडा होताही. पण एका गोष्टीत मामाचं बरोबर होतं असं मला आता वाटतं, आणि ओमलाही मी ते सांगितलं. सरकारने पार शेवटच्या पैशापर्यंत ओरबाडलं की भले लोक घरी बसतात आणि बाकीचे रुमाल काढतात. म्हणून घ्यायचं ते बेताने घ्यावं. पण घ्यावं जरूर. मोठ्या मिळकतीवर कुणीतरी बाहेरून हात ठेवायला हवा, कारण आतून हात ठेवणारी माणसं मी सबंध आयुष्यात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. ओम म्हणाला, "आजी, यू आर अ कम्युनिस्ट." मी म्हटलं, "भाजी घे."

त्यानंतर आमचं घर बदललं. खाटांवरची गर्दी बारा महिन्यांत पसरली, त्यामुळे फोडणीवरची बंदीही आता केव्हाही यायची आणि केव्हाही उठायची. दसऱ्याला सपक वरण आणि होळीला झणझणीत कट, असं काहीही होऊ लागलं. दुपारी अण्णा घरी नसत. पळस फुलला की मी एकटी टेकडीवर जायचे, आणि मला त्यांचा राग यायचा. खरं सांगायचं तर दामलेकाकांचाही यायचा. लोकांना अण्णा बारा महिने मिळाले आणि मला होते ते दोन गेले. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. आईला कळलं होतं. ती कधीकधी दुपारची कामं टाकून, चपला घालून दारात उभी राहायची आणि म्हणायची, "चल, मी येते. मला पक्षी ओळखता येत नाहीत, पण चुकीचं तरी सांगणार नाही."

पुढच्या वर्षी मार्चमध्ये दामलेकाका दाब मोजायला आले. आता त्यांना काकू हाताला धरून आणत. उजव्या डोळ्याने दिसायचं नाहीच, डाव्याने नळीतून बघावं तसं समोरचं थोडं दिसायचं. पण तेवढं टिकलं होतं, वर्षभरात कमी झालं नव्हतं. अण्णांनी ते मोजून घेतलं आणि मला म्हणाले, "लिही, आहे तसंच आहे." त्यांच्या आवाजावरून मला कळलं की वर्षभर ते हे वाक्य उच्चारायची वाट बघत होते. दामलेकाकांनी खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले. अण्णांनी ते घेतले आणि पावती फाडली. मला ते बघवेना. एवढं होऊनही मित्राकडून पैसे घ्यायचे, हे मला क्रूर वाटलं.

दामलेकाकांनी पावती डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरली आणि इकडून तिकडे सरकवत सावकाश वाचली. मग विचारलं, "मार्च चाललाय. म्हणजे हे सगळं सरकारजमा?"

"जवळजवळ," अण्णा म्हणाले.

"मग त्यांना कळवा, दामल्यांनी पाठवलेत म्हणून. आणि आभार मानले नाहीत तरी चालेल." ते उठले, काकूंचा हात शोधून धरला आणि दारापाशी थांबून म्हणाले, "मध्ये डिसेंबरात एकदा डोळा दुखला, तर दुसऱ्याच दिवशी आलो होतो. आठवतंय ना?"

"आठवतंय," अण्णा म्हणाले.

ते गेल्यावर अण्णांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. काचा स्वच्छ झाल्या तरी पुसत होते. मग त्यांनी चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पुढच्याला सोड." मी दार उघडलं. बाहेर एक बाई उभी होती, पदराने डोळा झाकून. मी विचारलं, कधीपासून दुखतोय. ती म्हणाली, "आज सकाळपासून."